नऊ किलो चारशे

"नऊ किलो चारशे," मी काटा वाचला. "तात्या, डोळ्यांनी बघून घ्या. मागाहून वाद नको."

धोंडीतात्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. ते चिलखताकडे बघत होते. जकात नाक्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे एरवी गुळाच्या ढेपा आणि कांद्याची पोती वजनाला लागत, तिथे ताणकाट्याच्या आकड्याला माझं चिलखत लटकत होतं. दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. लोखंडी कड्यांचा तो काळसर सदरा, उजव्या काखेत वीतभर उसवलेला. तो दुरुस्त करण्यासाठी मी तात्यांच्या ताब्यात देत होतो, आणि देताना माझा जीव तुटत होता.

"चार दिस लागतील का आठ, आत्ता सांगत न्हाई," तात्या म्हणाले. "पन सायेब, एक बोलू? ह्या सालाला वार नको."

"वार होणार," मी म्हटलं. विषय तिथेच संपवला.

मी तेव्हा कोल्हापुरात जकात नाक्यावर कारकून होतो. बारा वर्षं झाली होती. या नोकरीत माणूस सरळ राहतो, पण त्याची नजर वाकडी होते. समोरचा पोत्यात भुसा आहे म्हणाला की तुमचा हात आपोआप पोत्यात कोपरापर्यंत जातो. आमची ही म्हणायची, की तुम्ही दुधातसुद्धा बोट घालून बघता, मग साय धरायची कशी? इंदूचं खोटं नव्हतं. चिलखत तात्यांना देण्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या मानेच्या आतल्या बाजूला एका कडीवर लाखेचा तांबडा ठिपका लावून ठेवला होता. बंद गाड्यांच्या कुलपांना लाख लावायची आमची पद्धतच होती. तात्यांना मी हे सांगितलं नाही. सांगून लावली तर ती खूण कसली?

आता हे चिलखत माझ्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. मी दहा वर्षांचा असताना गडहिंग्लजच्या जत्रेत तंबूत एक ऐतिहासिक सिनेमा बघितला. नाव सांगत नाही. त्यात नायक तटावर एकटा उभा राहतो, शत्रूचा दांडपट्टा त्याच्या छातीवर बसतो, चिलखतातून ठिणग्या उडतात आणि तो हसतो. बस, तेवढंच. पण मी दोन दिवस धड जेवलो नाही. बाकीची पोरं नायकाची चाल करून दाखवायची, मला मात्र ते चिलखत हवं होतं. पुढे नोकरी लागल्यावर मी ढाली जमवल्या, गंजक्या कट्यारी जमवल्या, आणि शेवटी निपाणीकडच्या एका भंगारवाल्याकडे मला ते सापडलं. एका जहागीरदाराच्या घरातलं आहे, तीनशे वर्षांचं आहे, असं तो देवाची शपथ घेऊन म्हणाला. मी माझी राजदूत मोटारसायकल विकून ते घेतलं. जगातल्या प्रत्येक पोत्यात हात घालणारा मी, पण त्या भंगारवाल्याला एकही प्रश्न विचारला नाही.

ते घेतलं त्याच संध्याकाळी मी मंडळात नेलं होतं. आमचं चौदा जणांचं मंडळ होतं. तालीम चालवणारे सर्जेराव चव्हाण त्याचे प्रमुख. दर माघात एका रविवारी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या मैदानात आम्ही अंगरखे, मंदिल, ढाली-तलवारी घेऊन लढाईचा देखावा करायचो. पंचक्रोशीतली माणसं बैलगाड्या जुंपून बघायला येत. धोंडीराम लोहार, म्हणजे आमचे धोंडीतात्या, मंडळाची सगळी शस्त्रं सांभाळायचे. वय सदुसष्ट-अडुसष्ट. उमेदीची वर्षं त्यांनी सिनेमाच्या स्टुडिओत सामानाच्या खात्यात काढली होती. स्टुडिओ बंद पडला, मग गंगावेशीजवळ एक पत्र्याचं खोपट टाकून विळे-खुरपी करायला लागले. शस्त्रांच्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तात्यांनी मात्र चिलखत हातात घेतलं, उजेडाला नेलं, बराच वेळ कुरवाळलं. "कुठं गावलं हे?" एवढंच विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या डोळ्यांत हाव दिसली. दोन दिवसांनी खंडेनवमी होती. आम्ही घरी चिलखत पाटावर मांडलं, इंदूने हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, आणि मी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर दारात तात्या. काहीतरी बोलायला आल्यासारखे उभे राहिले, पाटाकडे बघितलं, प्रसाद घेतला आणि न बोलता गेले. हा घराची टेहळणी करून गेला, असं माझ्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी मी कपाटाचं कुलूप बदललं.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून दर माघात मी चिलखत घालायचो आणि सर्जेराव बोथट पट्टा माझ्या अंगावर टेकवल्यासारखं करायचे. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ आणि पुढे वेतासारखं लवणारं लांब पातं. मागल्या वर्षी चुकून जरा जोरात बसला आणि काखेतल्या कड्या उसवल्या. वर गावातल्या एका साप्ताहिकाने आमच्या देखाव्याला 'दशावतारी नाटक' म्हटलं. ते मला असं झोंबलं, की मी मंडळाच्या बैठकीत उठून जाहीर केलं: पुढच्या माघात धार लावलेला पट्टा, खरं चिलखत आणि खरा वार. तीनशे वर्षांपूर्वी ज्याने वार झेलले ते आज काय एका वाराने मरणार आहे? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकटे तात्या उठून बाहेर गेले.

तर असं ते नऊ किलो चारशे ग्रॅमचं चिलखत मी त्यांच्याकडे दिलं आणि माझी झोप उडाली.

आठ दिवसांनी गेलो, तर म्हणाले, अजून आठ दिवस. दिवाळी झाली, तरी तेच. मी म्हटलं, काखेत वीतभर तर काम आहे. ते म्हणाले, काम वीतभर दिसतंय, पण हाय मोठं. कार्तिकात एकदा मी न सांगता गेलो. तात्या ऐरणीवर वाकून काहीतरी बारीक ठोकत होते. माझी सावली पडल्याबरोबर त्यांनी पुढ्यातल्या वस्तूवर गोणपाट ओढलं. त्यांना चहा सांगायला पाठवलं आणि मी गोणपाटाशेजारचा तेलाचा डबा उघडला. आत शेकडो कड्या होत्या. एक उचलून खिशात टाकली. गोणपाटाला हात घालणार, तोच तात्या परतले.

घरी येऊन मी ती कडी भिंगाखाली धरली. पुस्तकात वाचलेलं मला पाठ होतं: जुन्या चिलखताची प्रत्येक कडी टोकावर टोक चढवून, चपटी करून, भोक पाडून रिबीट मारलेली असते, म्हणून ती उघडत नाही. या कडीला रिबीट नव्हतं. तारेची टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली. कच्चा माल. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तात्या दुसरं चिलखत करत होते. हुबेहूब माझ्यासारखं. ते माझ्या गळ्यात मारायचं आणि खरं कुठेतरी मुंबईच्या शौकिनाला द्यायचं, असा डाव.

इंदूला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तात्या?" ती म्हणाली. "ज्यांनी आपल्या स्टोचा पंप तीनदा नीट करून दिला आणि चहाशिवाय काही घेतलं नाही, ते?"

"असाच माणूस हात मारतो."

"मग पोलिसात जा."

पुरावा हातात आल्याशिवाय मी जाणार नव्हतो. नाक्यावरची शिकवणच तशी, गाडी आत येऊ द्यायची आणि मग अडवायची. पौष संपता संपता तात्या स्वतः घरी आले. डोळे खोल गेलेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी दारातच उभा राहिलो, आत या म्हटलं नाही. ते म्हणाले, काम रविवारपर्यंत होईल, मैदानावरच आणतो. मग म्हणाले, "सायेब, वार घ्यायाचाच झाला तर छातीवर घ्या. पाठीवर नको. सर्जेरावास्नी बी सांगा."

"पाठीवर का नको?"

"नको म्हंजे नको," म्हणाले आणि जिना उतरले. माझा संशय आणखी पक्का झाला. बनावट मालात कुठेतरी लंगडी बाजू असतेच, आणि ती करणाऱ्याला ठाऊक असते.

रविवारी सकाळी मी नाक्यावरचा ताणकाटा पिशवीत घालून नेला. मैदानाशेजारच्या शाळेच्या एका वर्गात आमचं सामान होतं. चौदाही जण पोशाख चढवत होते, बाहेर ढोल वाजायला लागला होता. तात्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं चिलखत बाकावर ठेवलं. मी ते सोडलं, वर्गाच्या आडव्या तुळईला काटा बांधला आणि सगळ्यांच्या देखत चिलखत आकड्याला अडकवलं.

दहा किलो साठ.

सर्जेराव म्हणाले, मोहिते, हे काय चालवलंय? मी चिलखताची मान उलटी केली. लाखेचा ठिपका नव्हता. तिथल्या प्रत्येक कडीवर रिबिटाचं टोपण होतं, आणि प्रत्येक टोपण नवं कोरं, घासून चकाकणारं.

"हे माझं चिलखत नाही," मी म्हटलं. "माझं नऊ किलो चारशे होतं. माझं तीनशे वर्षांचं होतं, आणि ही रिबिटं चार महिन्यांतली आहेत. मी मानेत खूण केली होती, ती नाही. खरं कुठे आहे, तात्या?"

तात्या माझ्याकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो नसणं हीच मला कबुली वाटली.

"तुमचंच हाय, सायेब," ते म्हणाले.

"मग माझी खूण कुठे गेली?"

त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला, तिथेच थांबला आणि परत आला. मी म्हटलं, शस्त्रांच्या खोलीची किल्ली इथे ठेवा. तात्यांनी करगोट्याची गाठ सोडली. चिंध्या बांधलेल्या बोटांनी ती लवकर सुटेना. सुटल्यावर किल्ली त्यांनी बाकावर ठेवली. सर्जेराव मध्ये पडायला लागले, तर मी त्यांनाही झिडकारलं. मला काय सुचलं ते आज सांगायची लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे, नाहीतर या गोष्टीत काही राहत नाही.

"माझंच आहे ना? खरं आहे ना?" मी म्हटलं. "मग तूच घाल. आज वार तू घे."

बापाच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे केलं. कुणीतरी माझा दंड धरला. सर्जेराव म्हणाले, मी म्हाताऱ्यावर हात उचलणार नाही. तात्यांनी मात्र मुंडासं काढून बाकावर ठेवलं आणि लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले. मीच त्यांच्या डोक्यातून चिलखत चढवलं. आतून घालायचा माझा कापसाचा जाड डगला तिथे खुंटीला होता. सर्जेरावांनी तो काढून पुढे केला. मी तो परत अडकवला आणि म्हटलं, खऱ्याला डगला कशाला लागतो?

"मारा, सर्जेराव," तात्या म्हणाले. "छातीवर मारा. माझ्या कामावर माझा इस्वास हाय."

आम्ही मैदानात आलो. चिलखतातला तो किडमिडीत म्हातारा बघून लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, हा सोंगाचाच भाग. ढोल थांबला. तात्या पाय रोवून उभे राहिले. सर्जेरावांनी पट्टा दोनदा फिरवला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी मानेनेच हो म्हटलं. पातं वाऱ्यात वाजलं आणि डाव्या बरगड्यांवर आडवं बसलं. ठिणगी उडाली नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा नुसता आवाज झाला. तात्या एक पाऊल मागे गेले, वाकले, आणि पुन्हा सरळ उभे राहिले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

वर्गात आणून आम्ही त्यांना बाकावर बसवलं. चिलखत उतरवताना ते कण्हले. बंडीवर रक्ताचा थेंब नव्हता, पण खालची बरगडी मोडली होती, ते डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. मी मात्र तेव्हाही चिलखतच बघत होतो. जिथे वार बसला तिथे बोट फिरवलं. पात्याचा चकाकता ओरखडा होता, आणि एकही कडी उघडलेली नव्हती. छातीभर, खांद्यांवर, काखेत, मानेभोवती, प्रत्येक कडीला मोहरीएवढं रिबीट. मी ते उलटं केलं. मानेखाली चार बोटांवर रिबिटं संपली. तिथून खाली, सगळ्या पाठीवर, नुसत्या टेकवलेल्या तारा. मी एका कडीत दोन्ही अंगठ्यांची नखं घातली आणि ओढली. ती उघडली. डब्यात मिळाली होती तशीच, अगदी तीच कडी.

"पाठ राह्यली, सायेब," तात्या बरगडी दाबून म्हणाले. "लई हात चालवला. म्होरलीच झाली, साडेचार हजार भरल्या. म्हनून म्हनत व्हतो, पाठीवर वार नको."

सर्जेरावांनी विचारलं, "तात्या, हे चिलखत कुणाचं?"

"शिनेमाचं," तात्या म्हणाले. "मीच केलतं, इस्टुडिओत. हिरो म्हनला, जड नको, मला हसायचं हाय. म्हनून पातळ तारंचं केलं, रिबीट न मारता. ठिणग्या फटाक्याच्या दारूच्या. इस्टुडिओ मोडला तवा सगळं भंगारात गेलं. सायबांनी त्या दिशी हातात दिलं, तवा वळखलं मी. आपल्या हातचं काम, न्हाई कसं वळखनार?"

म्हणजे डब्यातल्या त्या कड्या आत जाणाऱ्या नव्हत्या, बाहेर निघालेल्या होत्या. चार वर्षं मी सिनेमाचं सामान अंगावर घालून फिरत होतो, आणि त्याच्या एकाही कडीला कधी भिंग लावलं नव्हतं. आणि त्याच्यावर धारेचा वार घ्यायचं मी स्वतःच ठरवलं होतं.

"मला आधी का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगायला आलतो की घरी. खंडेनवमी व्हती. वैनी ववाळत व्हत्या, तुमी डोळं मिटून हात जोडलेलं." ते श्वास घ्यायला थांबले. "पुजलेल्या वस्तूला खोटं कसं म्हनायचं? मग म्हनलं, न्हाई म्हनन्यापरीस आपुन खरं करून टाकू."

त्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरली. चुन्याच्या पुडीशेजारी एक कडी होती. तिच्यावर लाखेचा तांबडा ठिपका होता.

"काढताना दिसली," तात्या म्हणाले. "सायबांनी खूण केल्याली, कवा ना कवा इचारतील, म्हनून जपून ठिवली."

"मग सकाळी विचारलं तेव्हा का नाही दाखवली?"

"सगळं मंडळ उभं व्हतं तिथं. कडी दावली असती, तर हिला रिबीट का न्हाई, ह्ये बी सांगावं लागलं असतं."

मी ती कडी घेतली. बाकावरची किल्ली उचलून त्यांच्या हातात देऊ लागलो, तर त्यांना करगोट्याला गाठ मारता येईना. ती मी मारून दिली.

घरी आल्यावर इंदूला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तात्यांना बरं वाटलं की जेवायला बोलवा. आणि दार तुम्ही उघडा."

फाल्गुनापासून मी ड्यूटी सुटली की गंगावेशीच्या खोपटात जाऊन बसायला लागलो. तात्या खोकताना बरगडी धरायचे. ते दुखणं त्यांना शेवटपर्यंत पुरलं. त्यांनी मला कडी कशी चपटी करायची, भोक कसं पाडायचं, रिबीट कसं बसवायचं ते शिकवलं. पहिल्या महिन्यात माझ्या हातून दिवसाला पाच कड्या होत, त्यातल्या तीन ते पुन्हा करायला लावत. पाठ पुरी व्हायला दोन वर्षं गेली. शेवटची म्हणून मी ती लाखेची कडी घेतली, ठिपका खरवडला, टोकं चपटी केली आणि मानेखाली बसवून रिबीट मारलं.

तात्यांनी चिलखत हातावर तोललं. मग माझ्याकडे बघून मिश्कील हसले.

"काटा आनलाय न्हवं? करून घ्या वजन."

मी चिलखत घडी घालून फडक्यात बांधलं. आता तात्या नाहीत, नाकाही उठला. चिलखत आजही खंडेनवमीला आमच्या पाटावर असतं आणि इंदू त्याला हळदकुंकू वाहते. बघायला येणारे विचारतात, किती किलोचं आहे हो? मी म्हणतो, ठाऊक नाही.

खरंच ठाऊक नाही. मी ते पुन्हा कधी तोललं नाही.